वचन कोणासाठी शोधता?

या वेळच्या पत्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. लिहिणाऱ्याला बायबलमधले वचन हवे असते, पण ते बहुधा घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी दाखवायला. अशा पत्रांना उत्तर देताना मी थोडा सावध असतो, हे आधीच सांगून टाकतो.

प्रश्न : आम्ही पिंपरीत एका सोसायटीत राहतो. शेजारच्या वहिनींनी सत्यनारायणाच्या पूजेनंतर शिऱ्याचा द्रोण आणून दिला. दार लागताच सासूबाईंनी तो कचऱ्याच्या डब्यात टाकला. माझ्या सात वर्षांच्या मुलीने ते पाहिले आणि दुसऱ्या दिवशी वहिनींच्या मुलीला सांगितले. प्रसादाबद्दल पवित्र शास्त्र नेमके काय म्हणते?

ताई, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचे ८ आणि १० हे अध्याय एकदा सलग वाचा, कारण या विषयावर लोक त्यांतले एकेक वचन सुटे काढून एकमेकांवर फेकतात. करिंथमध्ये देवळात वाहिलेल्या बळीचे उरलेले मांस बाजारात विकायला येत असे, त्यामुळे तिथल्या विश्वासणाऱ्यांपुढे हा प्रश्न रोजच्या जेवणाचाच होता. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल त्यात तीन प्रसंग वेगळे करतो. देवळातल्या पंगतीला बसू नका, असे तो सांगतो. बाजारात जे मिळते ते चौकशी न करता खा, असे सांगतो. आणि कोणी घरी जेवायला बोलावले तर पुढे वाढलेले खा, पण 'हे नैवेद्याचे आहे' असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्यासाठी ते खाऊ नका, असे म्हणतो (१० : २५-२८). वहिनींनी शिरा प्रसाद म्हणूनच आणला होता, तेव्हा तुमचा प्रसंग या शेवटच्या प्रकारात बसतो, असे मला वाटते. म्हणून तो न घेण्याची सासूबाईंची भूमिका निराधार नाही.

मात्र न घेण्याचे कारण पौल भीती हे देत नाही. रवा, तूप आणि साखर यांत काही शिरलेले असते, असे त्याचे म्हणणे नाही. अन्नामुळे आपली देवाजवळ योग्यता ठरत नाही, असे तो ८ : ८ मध्ये स्पष्ट लिहितो. दोन्ही अध्यायांत त्याची नजर समोरच्या माणसावर आहे, आणि म्हणूनच १० : ३२ मध्ये यहूदी, हेल्लेणी (म्हणजे ग्रीक) किंवा देवाची मंडळी यांपैकी कोणालाही अडखळण होऊ नका, असे तो बजावतो. द्रोण हसून घ्यायचा आणि दार लागल्यावर डब्यात टाकायचा, ही वागणूक या दोन अध्यायांतल्या कोणत्याही वचनात बसत नाही. दारातच हात जोडून, 'वहिनी, आमच्यात प्रसाद घेत नाहीत, राग मानू नका, पण चहाला आत या,' असे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरले असते. आता वहिनींकडे जाऊन माफी मागावी, आणि मुलीला सोबत न्यावे, कारण डबाही तिनेच पाहिला आहे. नाताळात तुमच्या करंज्यांचे ताट त्यांच्याकडे जात असेल, तर ते त्या कोणत्या मनाने घेतात, हेही सासूबाईंना एकदा विचारून पाहा.

प्रश्न : चुलतभावाला टेम्पोसाठी ८०,००० रुपये उसने दिले होते. तीन वर्षे झाली, तो विषयच काढत नाही. आई म्हणते, 'प्रभूने साताच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितले आहे, पैसे सोडून दे.' क्षमा म्हणजे कर्जमाफी का?

नाही, दोन्ही एक नाहीत. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात क्षमेचा आकडा येतो तो २२ व्या वचनात, पण त्याच अध्यायाच्या १५ व्या वचनात, भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि दोघेच असताना त्याचा दोष त्याला दाखव, असे सांगितलेले आहे. ही पायरी आपल्याकडे सहसा गाळली जाते. आपण एक तर गप्प बसून धुमसतो, नाही तर सगळ्या भावकीला सांगत सुटतो.

पुढे कर्जदार चाकराचा दाखला येतो. मूळ मजकुरात त्याचे धन्याकडचे देणे दहा हजार तालांत आहे, आणि एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. एक दीनार ही मजुराची दिवसाची मजुरी धरली, तर ते देणे सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके होते, म्हणजे कधीच न फिटणारे, आणि धन्याने ते सगळे माफ केले. त्याचे सोबत्याकडून येणे मात्र शंभर दीनारांचे होते. प्रवचनात ही रक्कम 'क्षुल्लक' म्हणून उडवली जाते, ते मला पटत नाही, कारण शंभर दिवसांची मजुरी गरिबाला क्षुल्लक नसते. प्रभूने तुमचे ८०,००० रुपये किरकोळ ठरवलेले नाहीत. धन्याला राग आला तो त्या चाकराने सोबत्याची नरडी धरली आणि त्याला तुरुंगात टाकले म्हणून.

मागायचे कसे, यासाठी जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातली २४ : १०-११ ही वचने वाचा. कर्जाबद्दलचे गहाण घ्यायला ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे आणि त्याने ते बाहेर आणून द्यावे, असा तो नियम आहे. देणेकऱ्याच्या बायकापोरांपुढे त्याची अब्रू जाऊ नये, एवढी काळजी त्या जुन्या नियमात घेतलेली आहे. तेव्हा भावाला लग्नाच्या मांडवात किंवा उपासना सुटल्यावर चारचौघांत गाठू नका. एकटे भेटा, रक्कम सांगा, हप्ते ठरवा. त्याला फेडणे खरोखरच अशक्य आहे, असे दिसले, तर सोडून द्या. पण मग ते पूर्ण सोडा आणि नाताळच्या जेवणात टोमणा मारू नका.

प्रश्न : मला रोज सकाळी व्हॉट्सॲपवर एक वचन येते. यिर्मया २९ : ११ मी मुलाच्या टेबलासमोर चिकटवले होते. तो स्पर्धा परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाला. अख्खे बायबल वाचायला मला भाषा जड जाते.

ते वचन एका पत्रातले आहे. यरुशलेमहून बाबेलास कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मया या संदेष्ट्याने ते पत्र पाठवले. लवकरच परत जाऊ, असे खोटे संदेष्टे त्यांना सांगत होते. यिर्मयाने उलट लिहिले की घरे बांधा, मळे लावा, लेकरांची लग्ने करा, ज्या नगरात नेले आहे त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा; परत येणे सत्तर वर्षांनी होईल. हे सगळे वचन ५ ते १० मध्ये आहे, आणि 'तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत' हे शब्द त्यानंतर येतात. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते परतणे पाहिलेही नसेल. निकाल चांगला लागेल, अशी हमी त्या वचनात नव्हतीच. तुमच्या मुलाला आत्ता पाचवे वचन अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते : आहात तिथे घर बांधा. परीक्षेखेरीज तो दुसरे काय करू शकतो, हे त्याच्याशी मोकळेपणाने बोला.

भाषेचे म्हणाल, तर पंडिता रमाबाईंना हीच अडचण जाणवली होती. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या साध्या बायकांना समजावे म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले, आणि १९२२ साली निधन होईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. आज सोप्या मराठीतल्या आवृत्त्या मिळतात. मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा, ते सोळाच अध्यायांचे आहे.

प्रश्न : दशांश, म्हणजे मंडळीला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, पगाराच्या पूर्ण रकमेवर द्यायचा की हातात पडणाऱ्या? आईच्या औषधांना महिन्याला सहा हजार लागतात.

आधी औषधे. देवाला अर्पण केले, म्हणजेच 'कुर्बान' केले, असे सांगून आईबापांचे टाळणाऱ्यांना प्रभूने मार्क ७ : ९-१३ मध्ये कठोर शब्दांत सुनावले आहे. उरलेल्या हिशेबासाठी करिंथकरांस दुसऱ्या पत्रातले (२ करिंथ) ९ : ७ पुरेसे आहे : ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, दुःखी मनाने किंवा बळजबरीने नव्हे.

प्रश्न : मुलाने मंडळीतलीच मुलगी पसंत केली आहे. मुलगी शिकलेली आहे, पण तिचे घराणे आमच्यातले नाही. आजोबांच्या पिढीत बाप्तिस्मा झाला, तेव्हाची जात सगळ्यांना माहीत आहे. 'विजोड होऊ नका' या वचनाचा आधार मी त्याला कसा समजावून सांगू?

दादा, तो आधार इथे लागू होत नाही. २ करिंथ ६ : १४ विश्वास न ठेवणाऱ्यांबद्दल आहे, आणि ही मुलगी दर महिन्याला तुमच्याच रांगेत प्रभुभोजन घेते. तुमच्या प्रश्नाला जवळचे वचन गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. अंत्युखिया नगरात पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीला जेवत होता. यरुशलेमहून काही यहूदी विश्वासणारे आल्यावर त्यांच्या भीतीने तो मागे सरला आणि वेगळा बसू लागला. पेत्रासारख्या प्रेषिताला पौलाने तोंडावर, सर्वांदेखत विरोध केला. पेत्राने शिकवणीत एक अक्षरही बदलले नव्हते, फक्त पंगत बदलली होती.

मुलीच्या आईवडिलांनी तुम्हाला जेवायला बोलावले आहे, असे तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे. जाऊन या, पोटभर जेवा, आणि मग मला पुन्हा लिहा.