पुनर्भरणाचा खड्डा तुंबलाय? आधी तळ बघा

छतावरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्याबद्दल ‘पहिल्याच पावसात खड्डा तुडुंब भरला, तीन दिवस झाले पाणी उतरत नाही’ हे तुमचं वाचलं आणि आमचा जुना ताप आठवला. छताचा उतार, पाइप, जाळी तुम्ही केलंच असेल, ते सोडतो.

घोळ बहुधा वेळेचा आहे. पायव्यासाठी जेसीबी आला की ठेकेदार त्याच फेरीत हाही खड्डा खणून टाकतो. मग वर्षभर मिक्सर धुतलेलं पाणी, टाइल्स कापल्याचा चिखल, पुट्टीची घमेली खंगाळलेलं पाणी, सगळं तिथेच. तो बारीक गाळ मुरमाच्या फटींत शिरून सिमेंटसारखा घट्ट बसतो. वरून नवी गिट्टी-रेती टाकून काही होत नाही. सगळं उपसा, तळ आणि बाजू ताजा मुरूम दिसेपर्यंत खरवडा. ॲसिड ओता म्हणणारे भेटतील. ओतू नका, ते बोअरच्याच पाण्यात उतरेल. आमचा खड्डा पास करणाऱ्या कार्यालयाला झाकणाचा फोटो पुरला, पाणी ओतून कुणी पाहिलं नाही. असो.

खोलीही मोजा. आपल्याकडचे बरेच लेआउट शेतांवर पडलेत. काळी माती भिजली की फुगते, पाणी खाली सोडत नाही. तळाशी काळीच असेल तर तुम्ही खड्डा नाही, टाकी बांधलीय. तळ रात्रभर भिजवा, सकाळी फूटभर पाणी भरा. तासाभरात इंचभरही उतरलं नाही तर अजून खाली जा. पायव्यापासून दहा फूट तरी लांब ठेवा, नाहीतर हीच माती फुगून-आकसून प्लिंथला (जोत्याला) तडे पाडेल. (मी भूजलतज्ज्ञ नाही, खडक लागला तर जाणकाराला दाखवा.)

भरताना खाली मोठे दगड, मग गिट्टी, वर जाड रेती. मिस्त्री हटकून उलटं करतात. रेती वर असली की गाळ तिथेच अडतो, दर मे महिन्यात वरचे चार इंच बदलले की भागतं.

जादा पाणी बाहेर काढणारा ओव्हरफ्लो पाइप हवाच. १,००० चौरस फूट छतावर तासात ५० मिमी पडला तर चार-साडेचार हजार लिटर येतं. दगड-गिट्टी-रेतीने भरलेल्या ५×५×६ फुटांच्या खड्ड्यात मधल्या फटींत जेमतेम १,७०० लिटर मावतं.

आणि सिमेंट रस्ता गेटपेक्षा उंच झाल्यामुळे आत येणारं पाणी, कितीही मोह झाला तरी, यात वळवू नका. त्यात गाड्यांचं ऑइल असतं. त्याला वेगळी नाली काढा.