ग्रिफन या ब्रिटिश बँडचा कोणता अल्बम आधी ऐकावा?
१९७४ चा ‘रेड क्वीन टू ग्रिफन थ्री’ आधी ऐका. बुद्धिबळाच्या डावावर बेतलेल्या चारच लांब रचना आहेत, गाणं एकही नाही. त्यातली ‘लॅमेंट’ रात्री, शांतपणे ऐका. मी ग्रिफनचे अल्बम वर्षानुवर्षं ऐकतोय, आणि सत्तरच्या दशकातल्या प्रोग रॉकची (प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक संगीत) चर्चा या बँडला वगळून होते याचं मला खरंच वाईट वाटतं. बँडचे संस्थापक रिचर्ड हार्वी आणि ब्रायन गलंड हे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकचे विद्यार्थी; त्यांनी रॉकमध्ये रेकॉर्डर (बासरीसारखं उभं वाद्य), बॅसून (खर्जातलं लांब फुंकवाद्य) आणि क्रमहॉर्न आणलं. क्रमहॉर्न म्हणजे टोकाला वळलेलं जुनं युरोपीय सुषिर वाद्य. सनईसारखीच त्याला दुहेरी पत्ती असते, पण ती टोपणाखाली झाकलेली, ओठ तिला लागतच नाहीत. त्यामुळे आवाज भुंग्यासारखा गुणगुणता येतो, एकदा ऐकला की विसरत नाही. त्यानंतर ‘मिडनाइट मश्रम्प्स’ घ्या. त्याची सुमारे १९ मिनिटांची शीर्षकरचना शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’च्या प्रयोगासाठी केलेल्या संगीतातून आली. मात्र तुम्हाला शब्द, गाणी हवीच असतील तर १९७३ च्या पहिल्या अल्बमपासून सुरुवात करा, त्यात पारंपरिक इंग्रजी लोकगीतं आहेत. १९७७ चा ‘ट्रीझन’ शेवटी ठेवा.