पोहता येते, असे केव्हा म्हणावे?

उन्हाळी वर्ग संपत आले, की जलतरणाविषयीची पत्रे एकदम वाढतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना सविस्तर उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत तो तलावावर जात होता आणि आता फ्रीस्टाइलने तलावाची रुंदी पार करतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही कोकणात जाणार आहोत. त्याला पोहता येते असे समजून समुद्रात उतरू द्यावे का? (एक वाचक, नाशिक)

दोन महिन्यांत मुलगा इथवर आला, ही आनंदाची गोष्ट आहे आणि त्याचे शिक्षण यापुढेही चालू राहावे. मात्र उथळ भागात, जेथे दमल्याबरोबर पाय टेकता येतात तेथे, रुंदी पार करणे आणि पोहता येणे यांत बरेच अंतर आहे. अमेरिकेच्या रेड क्रॉस संस्थेने यासाठी जी कसोटी ठरवली आहे, ती मला फार योग्य वाटते. डोक्यावरून जाईल इतक्या खोल पाण्यात उतरून पुन्हा पृष्ठभागावर येणे, एक मिनिट तरंगत राहणे, जागच्या जागी पूर्ण वळून बाहेर पडण्याची जागा शोधणे, तिथवर सुमारे २३ मीटर पोहत जाणे आणि शिडीचा आधार न घेता पाण्याबाहेर येणे, एवढे सगळे एका दमात जमले, तर त्या व्यक्तीला पोहता येते असे म्हणावे. यात वेगाचा उल्लेख नाही आणि हात किती डौलदार पडतो, याचाही नाही. आपल्याकडील बहुतेक वर्गांमध्ये मात्र पहिल्या दिवसापासून किकबोर्ड हाती देऊन फ्रीस्टाइलची तयारी सुरू होते आणि निवांत उताणे तरंगणे, उभ्याने पाय मारत पाण्यावर राहणे या गोष्टी राहून जातात. हा क्रम उलटा असायला हवा, असे माझे ठाम मत आहे. दमलेला माणूस तरंगण्यामुळे वाचतो. फ्रीस्टाइलने तो आणखी दमतो.

तेव्हा आपल्या प्रशिक्षकांना विनंती करून वर्ग संपण्यापूर्वी मुलाची ही परीक्षा खोल भागात, त्यांच्या देखरेखीखाली करून घ्यावी. जमल्यास एकदा ती अंगावर साधे कपडे ठेवूनही घ्यावी. नेदरलँड्समध्ये मुलांना पोहण्याचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी कपडे आणि बूट घालून पाण्यात उतरावे लागते, कारण अपघाताने पाण्यात पडणारा माणूस पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही.

समुद्राविषयी मात्र माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. तलावातील पाणी स्थिर आणि स्वच्छ असते, तळ दिसतो आणि भिंत जवळ असते; समुद्रात यांपैकी काहीच नसते. लाटांबरोबर किनाऱ्याकडे आलेले पाणी परत जाताना काही ठिकाणी अरुंद पट्ट्यातून जोराने आत ओढले जाते. तेथे लाटा कमी फुटताना दिसतात, त्यामुळे नेमकी तीच जागा नवख्या माणसाला शांत वाटते. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. तरंगत राहून किनाऱ्याला समांतर सरकावे, पट्ट्याबाहेर पडल्यावर मग किनाऱ्याकडे वळावे आणि हात वर करून मदत मागावी. ही माहिती मुलाला जरूर द्यावी. परंतु जूनपासून कोकणचा समुद्र खवळलेला असतो आणि त्या दिवसांत चांगल्या पोहणाऱ्यानेही त्यात उतरू नये. वाळूत खेळतानाही मोठ्यांपैकी एकाने, मोबाइल बाजूला ठेवून, मुलाच्या हाताच्या अंतरावर असावे. बुडणारा माणूस ओरडत नाही आणि हातही हलवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, मान मागे आणि हात आपोआप पाणी खाली दाबत असलेले, अशा अवस्थेत तो जेमतेम २० ते ६० सेकंद वर राहतो. दहा पावलांवर बसलेल्या आईवडिलांना तो खेळतो आहे असेच वाटते.

प्रश्न : माझे वय ४७ आहे. बालपण कृष्णाकाठी गेले. भाऊ नदीत पोहायला शिकले. आम्ही बहिणी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसत असू. आता शिकावेसे वाटते, पण पाण्याची भीती वाटते आणि या वयात लोक काय म्हणतील असेही वाटते. शिकता येईल का? (एक वाचक भगिनी, सांगली)

नक्की येईल. आपल्यासारखी पत्रे दर वर्षी येतात आणि ती वाचताना वाईट वाटते, कारण नदी घरासमोरून वाहत असूनही घरातील निम्म्या माणसांना तिच्यापासून वाचण्याची विद्या दिली गेली नाही. पुराच्या वेळी पाणी घरात शिरते, तेव्हा ते भाऊ आणि बहीण असा भेद करत नाही. त्यामुळे लोक काय म्हणतील, या शंकेला आपण अजिबात महत्त्व देऊ नये.

भीतीचे म्हणाल, तर ती घालवण्याचा मार्ग म्हणजे आपले शरीर पाण्यात कसे वागते हे स्वतः अनुभवणे. छाती हवेने भरलेली असताना बहुतेक माणसांच्या शरीराची घनता पाण्यापेक्षा किंचित कमी असते, म्हणजे शरीर आपोआप वर राहते. परंतु फक्त थोडेसेच वर राहते. घाबरून डोके पाण्याबाहेर उचलले, की त्या वजनाने कंबर आणि पाय खाली जातात. कान पाण्यात बुडू देऊन, हनुवटी किंचित वर ठेवून, छाती भरून घेऊन उताणे पडले, की तोंड पाण्याबाहेर राहते. सुरुवातीचे दिवस कमरेइतक्या पाण्यातच घालवावेत. तोंड पाण्यात घालून नाकातोंडातून सावकाश श्वास सोडणे, कठड्याला धरून पालथे तरंगणे आणि, सर्वांत महत्त्वाचे, आडव्या स्थितीतून गुडघे पोटाशी घेऊन पुन्हा पायांवर उभे राहणे या गोष्टी आधी शिकाव्यात. आपण केव्हाही उभे राहू शकतो, हे एकदा अंगवळणी पडले, की प्रौढ शिकाऊ व्यक्तींची भीती झपाट्याने ओसरते. खोल पाण्यात ढकलून देऊन भीती घालवणारा प्रशिक्षक भेटला, तर तो वर्ग ताबडतोब सोडावा.

अनेक तलावांवर महिलांसाठी स्वतंत्र वेळ असते. तशी चौकशी करावी. कोपरापर्यंत बाह्यांचा आणि गुडघ्यापर्यंतचा पोशाख बाजारात मिळतो. तो नायलॉन किंवा लायक्राचा असावा, कारण सुती कापड पाणी धरून जड होते. अपस्मार, हृदयविकार किंवा कानाच्या पडद्याला छिद्र असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वयाचा विचार मनातून जात नसेल, तर आपल्याच सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांची आठवण ठेवावी. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले, उपचारांचा भाग म्हणून ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर शर्यतीत त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले.

प्रश्न : आमच्या वस्तीवर प्लॅस्टिक अंथरलेली चार शेततळी आहेत. मागील वर्षी शेजारच्या वस्तीवर एक मुलगा पाय घसरून पडला आणि त्याला काढायला उतरलेला, उत्तम पोहणारा चुलताही बुडाला. पट्टीच्या पोहणाऱ्याचे असे कसे झाले? आमच्याकडे जवळपास तलाव नाही. मुलांना कसे शिकवावे? (एक वाचक, सिन्नर तालुका)

आपले पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. राज्यात २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेमुळे आणि त्याआधीच्या व नंतरच्या योजनांमुळे शेततळी गावोगाव झाली, त्यांनी बागा जगवल्या. परंतु त्यांच्यातील धोका विहिरीच्या धोक्यापेक्षा वेगळा आहे, हे फारसे कोणी समजावून सांगितले नाही. विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात, मोटारीचा पाइप असतो. अस्तर घातलेल्या शेततळ्याच्या चारही बाजू उतरत्या, गुळगुळीत आणि शेवाळलेल्या असतात. पाणी तीन मीटरपर्यंत खोल असू शकते. पोहणारा माणूस काठाशी सहज पोहोचतो, पण हाताला पकड मिळत नाही. चढायला गेला की घसरतो, पुन्हा चढतो, पुन्हा घसरतो, आणि पोहण्याने नव्हे तर या धडपडीने त्याची ताकद संपते. त्यात घाबरलेले मूल गळ्याला मिठी मारते. त्या चुलत्यांचे पोहण्याचे कौशल्य कमी पडले नाही. बाहेर पडायला वाट नव्हती.

म्हणून पहिले काम वाट तयार करण्याचे. प्रत्येक बाजूला, बांधावर पक्क्या खुंटाला बांधलेला आणि हातभर अंतरावर गाठी मारलेला जाड नायलॉन दोर तळापर्यंत सोडून ठेवावा. दोराला जुन्या टायरच्या ट्यूब किंवा घट्ट झाकणाचे रिकामे कॅन बांधल्यास धरून राहण्याची सोय होते. तळ्याला कुंपण आणि कुलपाचे फाटक असावे, आणि पाणी उपसण्यासाठी किंवा फूटव्हॉल्व्ह साफ करण्यासाठी कोणीही एकट्याने आत जाऊ नये. हा सारा खर्च अस्तराच्या खर्चापुढे नगण्य आहे.

दुसरे, कोणी पडल्यास आपण पाण्यात उतरू नये. हे लिहिणे सोपे आणि पाळणे फार कठीण आहे, विशेषतः पडलेले मूल आपले असताना. म्हणूनच घरातील प्रत्येकाकडून याचा सराव करून घ्यावा. जमिनीवर पालथे पडून किंवा मागून कोणी धरलेले असताना बांबू, दोर, साडी, मफलर, जे हाती लागेल ते पुढे करावे. लांब असल्यास रिकामा कॅन दोराला बांधून फेकावा. बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास थांबलेला असेल, तर त्याला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार मुळीच करू नयेत. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि उलटीतील अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. उताणे झोपवून, हनुवटी उचलून, आधी तोंडाने पाच श्वास द्यावेत. त्यानंतर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० दाब आणि मग २ श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन करावा. माणूस शुद्धीवर आला तरी त्याला रुग्णालयात न्यावेच.

मुलांना शिकवण्याविषयी मला बांगलादेशाचे उदाहरण आवर्जून द्यावेसे वाटते. तेथे खेड्यांतील पुष्करिण्यांमध्येच बांबूचे चौकटीसारखे बांधकाम करून, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक तरुणांकरवी चार ते बारा वर्षांच्या मुलांना शिकवले गेले. २५ मीटर पोहणे, ३० सेकंद तरंगणे आणि काठावरूनच दुसऱ्याला वाचवणे, इतकाच तो अभ्यासक्रम होता. शिकलेल्या मुलांमध्ये बुडून होणारे मृत्यू ९० टक्क्यांहून अधिक घटल्याचे तेथील अभ्यासात आढळले. आपल्याकडेही कमरेला दोर आणि पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून, वर जाणता माणूस उभा करून, विहिरीत पोरांना सोडण्याची पद्धत होती. ती पद्धत मोडली आणि तिच्या जागी गावात काहीच आले नाही. शेततळ्यात शिकवू नये. पायऱ्यांची विहीर किंवा उथळ काठाचा पाझर तलाव निवडून, शाळा आणि ग्रामपंचायत यांनी मिळून उन्हाळ्यात असा वर्ग चालवावा, मुलींसह प्रत्येक मुलाला त्यात घ्यावे आणि काठावर दोर घेऊन उभी असलेली व्यक्ती त्या वेळेत दुसरे कोणतेही काम करणार नाही, एवढे कटाक्षाने पाहावे.

प्रश्न : तीन वर्षांच्या मुलीला दंडावर हवेचे फुगे घालून तलावात सोडले तर चालेल का? (एक वाचक भगिनी, पुणे)

ते फुगे खेळणे आहेत, सुरक्षेचे साधन नव्हेत. ते निसटतात, त्यांची हवा जाते, आणि पालकांचे लक्ष त्यांच्या भरवशावर कमी होते. मुलीला स्वतःच्या हाताच्या अंतरावर ठेवून पाण्याची ओळख करून द्यावी. या वयात योग्य प्रशिक्षकाकडे शिकवण्यास हरकत नाही. मात्र शिकलेले लहान मूलही पाण्याजवळ एकटे सोडू नये. घरी न्हाणीघरातील भरलेली बादलीही या वयाच्या मुलांसाठी धोक्याची असते, कारण डोके जड असल्याने आत वाकलेल्या मुलाला पुन्हा वर येता येत नाही. बादली वापरून झाली, की लगेच रिकामी करून पालथी ठेवावी आणि न्हाणीघराला बाहेरून, मुलीचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर, कडी बसवून घ्यावी.