पुण्यातली नोकरी चालू ठेवून तीन महिने थायलंडमधून काम करता येईल का? व्हिसा कोणता घ्यावा?

येईल. तुम्ही पुण्यातल्या आयटी कंपनीत आहात, काम पूर्ण घरून चालतं, म्हणून व्हिसाबद्दल विचारलंत. पण व्हिसाच्या आधी एचआर येतं, आणि बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं.

'वर्क फ्रॉम होम' म्हणजे कंपनीच्या लेखी भारतातलं घर. सर्व्हिस कंपनी, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचं काम करून देणारी, असेल तर काम कुठल्या देशातून होणार हे बऱ्याचदा क्लायंटच्या करारातच असतं. बँका, विमा आणि आरोग्य क्षेत्रातले क्लायंट याबाबत कडक असतात. मॅनेजर "जा रे, कोण बघतंय" म्हणाला तरी सिस्टिम बघत असते. सकाळी पुण्यातून आणि संध्याकाळी बँकॉकमधून लॉगिन झालं की सिक्युरिटी टीमकडे अलर्ट जाऊ शकतो. काही ठिकाणी परदेशी आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) थेट ब्लॉकच असतो. पुण्यातल्या घरी राउटर ठेवून त्यातून व्हीपीएन फिरवायचा, म्हणजे आपलं इंटरनेट तिथून वळवून पुण्यातच आहोत असं दाखवायचा, सल्ला नेटवर सर्रास मिळतो. त्याच्या नादी लागू नका. लॅपटॉपला आजूबाजूच्या वायफायवरूनही ठिकाण कळतं, आणि पकडले गेलात तर मुद्दा प्रवासाचा राहत नाही, फसवणुकीचा होतो.

त्यामुळे एकच ईमेल करा: देश, तारखा, कामाची वेळ, लॅपटॉप कंपनीचा की स्वतःचा. त्यात तीन गोष्टी मागा. क्लायंटची मंजुरी, आयटीकडून त्या देशापुरतं लॉगिन उघडून देणं, आणि कंपनीच्या लेटरहेडवर पत्र, ज्यात पद, पगार आणि 'परदेशातून काम करण्यास हरकत नाही' हे स्पष्ट असेल. हेच पत्र पुढे व्हिसाला लागतं.

व्हिसा डीटीव्ही, म्हणजे डेस्टिनेशन थायलंड व्हिसा. जुलै २०२४ पासून मिळतो. मुदत ५ वर्षं, कितीही वेळा ये-जा, दर प्रवेशाला १८० दिवसांपर्यंत मुक्काम. वय २० पूर्ण हवं आणि खात्यात ५ लाख बाट (थायलंडचं चलन) इतकी रक्कम दिसायला हवी. फी १०,००० बाटच्या आसपास, अर्ज फेटाळला तरी परत मिळत नाही. अर्ज थायलंडबाहेर असतानाच, त्यांच्या ई-व्हिसा पोर्टलवरून करायचा. स्टेटमेंट किती महिन्यांचं हे दूतावासागणिक बदलतं. आदल्या आठवड्यात खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम मात्र डोळ्यांत भरतेच. व्हिसाशिवाय मिळणारा प्रवेश पर्यटकांसाठी आहे. तीन महिने रोज आठ तास काम करायला तो वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

थायलंडमध्ये पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत तिथलं डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. ते फुकट आहे, पैसे मागणारी वेबसाइट खोटी समजा.

टॅक्सची धास्ती तीन महिन्यांसाठी नको. थायलंडमध्ये कॅलेंडर वर्षात १८० दिवस झाले की तुम्ही तिथले कर-रहिवासी ठरता. तुम्ही भारतातलेच रहिवासी राहाल, टीडीएस नेहमीसारखा कापला जाईल.

थायलंड आपल्या दीड तास पुढे आहे. साडेनऊ ते साडेसहाची नोकरी तिथे अकरा ते आठ होते, सकाळ मोकळी. पण अमेरिकेच्या क्लायंटबरोबर रात्री अकरापर्यंत कॉल चालत असतील तर ते तिथे साडेबाराला संपतील. तसं असेल तर पश्चिमेकडचा देश बघा. जॉर्जिया दीड तास मागे आहे.

घर घेताना घरमालक '५०० एमबीपीएस' म्हणून स्क्रीनशॉट पाठवेल. तो आकडा फारसा कामाचा नाही. व्हिडिओ कॉलला ४-५ एमबीपीएस पुरतात. कॉल तुटतो तो पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, वाटेत गळण्याने आणि पिंग, म्हणजे उत्तर परत यायला लागणारा वेळ, वरखाली होण्याने. म्हणून पहिले तीन दिवस हॉटेलात काढा, खोली प्रत्यक्ष बघा, आणि कंपनीचा व्हीपीएन चालू ठेवून २०० पिंग (चाचणीचे छोटे संदेश) सोडा. दोनपेक्षा जास्त गळाले तर खोली सोडा. ही चाचणी रात्री आठनंतर करा, कारण अख्खा मजला एकाच राउटरवर असला तर ते तेव्हाच कळतं. वीज युनिटला किती हेही लिहून घ्या: सरकारी दराऐवजी ७-८ बाट लावणारे बरेच आहेत, आणि एसी दिवसभर चालणार. तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीने कॉन्डो (फ्लॅट) देणं हॉटेल परवान्याशिवाय बेकायदा आहे, त्यामुळे महिन्याचाच करार करा. मालकाने तुमची टीएम ३० नोंद, म्हणजे परदेशी माणूस आपल्याकडे राहतोय हे इमिग्रेशनला कळवणं, केली का, तेही विचारा.

आता ओटीपी. यात सगळ्यात जास्त लोक फसतात. भारतीय सिमवर इंटरनॅशनल रोमिंग इथे असतानाच सुरू करा, नाहीतर तिथे सिम नेटवर्कच पकडणार नाही. रिचार्ज पूर्ण मुक्कामाचा मारा. मुदत संपली की एसएमएसही थांबतात. डेटा तिथल्या ई-सिमवर ठेवा, आणि फोनमध्ये डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर जाण्याची सोय बंद करा, नाहीतर रोमिंगचं बिल येईल. कंपनीचं लॉगिन एसएमएसवरून काढून ऑथेंटिकेटर ॲपवर न्या.

कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून चालू करावा लागतो. एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाट किंवा जास्त कापतं, म्हणून थोडेथोडे काढू नका. आपली तीन जाड पिनांची प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही; एक चांगला ॲडॉप्टर आणि त्यावर आपलाच एक्स्टेन्शन बोर्ड. २०,००० एमएएचची पॉवरबँक केबिन बॅगेतच, चेक-इनमध्ये नाही.

चियांग माई स्वस्त आणि निवांत आहे, पण फेब्रुवारी ते एप्रिल तिथे शेतं आणि जंगलं जळतात, हवा भयंकर होते. त्या महिन्यांत दक्षिणेकडे राहा.

कंपनीची मेडिक्लेम सहसा भारतापुरतीच असते. प्रवासविमा निघण्याआधी घ्या आणि दुचाकीचं कलम वाचा. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून, सारथी पोर्टलवरून मिळतो, एक वर्ष चालतो. तुमच्या मूळ लायसन्सवर दुचाकीची नोंद आहे का ते आधी बघा. नसेल तर स्कूटर भाड्याने मिळेल, पण अपघात झाल्यावर क्लेम मिळणार नाही.