कपाटातला सोव्हिएत संघ

प्रश्न : बाई, डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाला गावातल्या एका दिवंगत सरांच्या घरच्यांनी त्यांची पुस्तकं दिली आहेत. जगाचा इतिहास, राजकारण, देशोदेशींची संस्कृती असे विषय. भाषा मराठी, इंग्रजी आणि थोडी पोर्तुगीजही. समितीतले एक भाई म्हणतात, "सोव्हिएत संघावर एवढी पुस्तकं कशाला? तो देशच उरला नाही. रद्दीत घाला नि त्या जागी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणा." मी चिटणीस आहे. काय करू?

उत्तर : रद्दीवाल्याला तूर्त येऊ नको म्हणून सांगा. मग भाईंना विचारा, गोवा मुक्तीच्या वेळी सुरक्षा परिषदेत काय झालं?

१८ डिसेंबर १९६१ ला आपलं सैन्य गोव्यात शिरलं आणि त्याच दिवशी हा विषय संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत गेला. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी ठराव मांडला : लढाई थांबवा, भारतानं सैन्य मागं घ्यावं. बाजूनं सात मतं पडली, विरोधात चार. परिषद तेव्हा अकरा जणांची होती, म्हणजे सात मतांत ठराव मंजूरच व्हायचा. तो अडला सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळं. विरोधातली बाकीची तीन मतं सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांची. आज शाळेतल्या नकाशावर या चारांतलं लायबेरिया तेवढं सापडेल. संयुक्त अरब प्रजासत्ताक म्हणजे काय, हे तर पदवीधरांनाही सांगता येत नाही. इजिप्त आणि सीरिया १९५८ मध्ये एक झाले, सीरिया १९६१ च्या सप्टेंबरात बाहेर पडला, आणि इजिप्तनं ते नाव पुढं १९७१ पर्यंत चालवलं. आपल्या बाजूनं मत देणारे हे देश कोण आणि त्यांनी ते का दिलं, हे समजून घ्यायला सरांच्या कपाटातलीच पुस्तकं लागणार. येत्या १९ डिसेंबरला, मुक्तिदिनी, भाईंनाच यावर बोलायला उभं करा. वाचल्याशिवाय गत्यंतर नाही!

स्पर्धा परीक्षेचं म्हणाल, तर केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्याच पेपरला अठराव्या शतकापासूनचा जगाचा इतिहास आहे. महायुद्धं, वसाहती, बदललेल्या सीमा, सगळं. गाइडं जरूर आणा, पण ती दोन वर्षांत शिळी होतात.

आता पुस्तकं फळीवर लावण्याकडे. प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठावर भुलू नका, आत नामपृष्ठाच्या मागं छपाईचं साल असतं ते बघा. १९९१ च्या आधी छापलेलं सोव्हिएत राजकारणाचं पुस्तक 'राजकारण' म्हणून ठेवलंत तर वाचक फसेल. 'इतिहास' म्हणून ठेवा, आणि कण्यावरच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं साल लिहा. ड्यूईच्या, म्हणजे ग्रंथालयातल्या दशांश वर्गीकरणाच्या, क्रमांकांनी जायचं तर ३२० (राजकारण) मधून उचलून ९४७ (रशियाचा इतिहास) मध्ये न्यावं लागेल. एवढ्याशा वाचनालयात कोणी हिशेब मागत नाही, पण लावाल ते नोंदवहीत उतरवून ठेवा.

एका ठिकाणी तर मी ड्यूईला सरळ बाजूला ठेवीन. १९५१ मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारनं घटनेत बदल करून 'वसाहत' हा शब्द काढला आणि गोव्याला 'सागरापलीकडचा प्रांत' म्हणायला सुरुवात केली. त्यानंतर लिस्बनला छापलेली, गोवा म्हणजे पोर्तुगालच असं सांगणारी पुस्तकं तुमच्या ढिगात असतील. प्रचार आहे म्हणून ती काढू नका. त्यांच्या शेजारीच गोवा मुक्तीसाठी झटलेल्या त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचं लेखन ठेवा, त्याला लागून अंगोला-मोझांबिक या पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतींच्या स्वातंत्र्यलढ्याची पुस्तकं. ड्यूईच्या हिशेबानं हे तीन कोपऱ्यांत जातील. गोव्यातल्या वाचकाला ती एका फळीवर हवीत. तुमच्या गावातलं कोणी ना कोणी मोझांबिकला नोकरीला होतंच, त्यांच्या घरची मंडळी ही फळी शोधत येतील.

टाकायचं काय? जुन्या वार्षिकी, मागल्या अभ्यासक्रमाची गाइडं, ज्यांच्या तीन-तीन प्रती आहेत ती. नकाशे, पत्रकं, सरांनी समासात लिहिलेलं काहीही टाकू नका.

पोर्तुगीज पुस्तकं वाचणारं समितीत कोणी नसलं तरी १९६१ पूर्वीची, विशेषतः गोव्यात छापलेली पुस्तकं आधी पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला दाखवा. १८३२ पासूनचं ग्रंथालय आहे ते. कागदी बांधणीच्या जुन्या पोर्तुगीज पुस्तकांची पानं कधी कधी कापलेलीच नसतात, वरून दुमडलेली राहतात. ब्लेड लावू नका, बोट तर नकोच; बोथट सुरी आडवी धरून हळूहळू उलगडा. फाटलं तरी चिकटपट्टी मारू नका, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि अक्षरं घेऊन निघते.

आणि कपाटं चिऱ्याच्या भिंतीला टेकवू नका. पावसात ती भिंत पाणी ओढते. वीतभर अंतर सोडा, खालची फळी रिकामी ठेवा.

प्रश्न : मी मडगावला बारावीत शिकते. युरोपचा इतिहास वाचायला घेतला की राजांच्या नावांतच अडकते. कुठून सुरू करू?

उत्तर : गोव्यातूनच निघ. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनला भूकंप झाला, शहर जमीनदोस्त झालं. ते पुन्हा उभारताना पोंबाल हा मंत्री सर्वेसर्वा झाला. १७५९ मध्ये त्यानं जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाला पोर्तुगालच्या साऱ्या मुलखांतून हाकललं, गोव्यातूनही. १७७४ मध्ये गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारं चर्चचं न्यायालय, बंद केलं. राजा वारला, पोंबालची सत्ता गेली आणि १७७८ ला ते परत सुरू झालं! कायमचं संपलं १८१२ मध्ये, तेही पोर्तुगालचा दरबार ब्राझीलमध्ये असताना, कारण नेपोलियनच्या फौजा येताहेत म्हणून दरबार १८०७ मध्येच लिस्बन सोडून पळाला होता.

इथवर आलीस की मराठी विश्वकोशातली नेपोलियनवरची नोंद काढ. विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे. राजांची यादी तोवर राहू दे.