निवृत्त राजदूत लगेच कंपनीत कसे काय जातात? लॉबिंग, म्हणजे कंपनीसाठी सरकारदरबारी वजन वापरणं, चालतं का?

चालतं, फक्त रिटायर झाल्यावर पहिलं एक वर्ष सरकारची परवानगी लागते, त्या काळाला कूलिंग ऑफ म्हणतात. जयशंकर जानेवारी २०१८ मध्ये परराष्ट्र सचिव पदावरून उतरले नि एप्रिलात टाटा सन्समध्ये, सूट मिळाली होती, मग मे २०१९ ला थेट मंत्री!

अमेरिकेचे रॉबर्ट ब्लॅकविल तर दिल्लीत राजदूत होते, नंतर वॉशिंग्टनच्या ज्या लॉबिंग फर्ममध्ये गेले तिने भारत सरकारचंच काम घेतलं. पण तिथे परदेशी सरकारसाठी काम करायचं तर नोंदणी लागते, कागद कोणीही बघू शकतो.

आपल्याकडे लॉबिंगचा वेगळा कायदाच नाही. गोव्यात पर्वरीला सचिवालयात मायनिंगवाल्यांची, कसिनोवाल्यांची फाईल घेऊन कोण फिरतो ते बाहेरच्या चहावाल्यालाही ठाऊक असतं, कार्डावर मात्र ‘सल्लागार’.