डीलरकडून जुनी गाडी घेताना काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की गाडी पाच वर्षांची आहे, मीटरवर ४२,००० किलोमीटर दिसतात आणि डीलर म्हणतोय, आजच टोकन द्या, उद्या गाडी राहणार नाही. आज टोकन देऊ नका. आधी गाडी तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकला दाखवा. गाडी लिफ्टवर चढवून खालून बघायला डीलरने नकार दिला, तर मी तरी तो व्यवहार तिथेच सोडून देईन.

मी मित्रांसाठी गाडी बघायला जातो तेव्हा शक्यतो सकाळी जातो आणि आमच्या आधी ती चालू करू नका, असं सांगून ठेवतो. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवायचा. कोमट लागलं तर पुन्हा यायचं, कारण इंजिनाचे दोष ते गार असतानाच जास्त दिसतात. स्टार्टर किती वेळ मारावा लागतो, पहिल्या काही सेकंदांत टकटक येते का, धूर कसला येतो ते बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर वाफेचा असतो. पण इंजिन तापल्यावरही तो दाट येतच राहिला, तर बहुतेक कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) सिलिंडरमध्ये शिरतंय आणि ते काम महागात जातं.

मीटर मागे फिरवता येतं, डिजिटलसुद्धा. त्यामुळे पेडलचं रबर, स्टीअरिंग आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड नीट बघा. ४२,००० ला पेडल गुळगुळीत झालेलं नसतं. ते कोरं करकरीत असेल तर का बदललं, ते विचारा. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. गाडीपेक्षा टायर बरेच नवे निघाले, तर पहिले इतक्या लवकर कसे संपले? सर्व्हिसच्या बिलांवर त्या त्या वेळचं मीटर लिहिलेलं असतं. तारखेनुसार लावून बघा, मीटर फिरवलेलं असेल तर मधेच आकडा घसरलेला सापडतो.

पुरात बुडालेली गाडी बाहेरून चकाचक करता येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, तिथे गाळाचा डाग राहतो. स्टेपनी काढून खालचा खळगा बघा, कार्पेटखाली हात घाला. वायरिंग कधीकधी काही महिन्यांनी दगा देतं, म्हणून अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. अपघात झालाय का ते कळायला बोनेट आणि दारांचे बोल्ट तपासा. त्यांच्यावरचा रंग उडालेला असेल तर पाना लागलाय, म्हणजे तो भाग कधीतरी खोललाय. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागतच नसेल तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

मेकॅनिककडे स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली दोषांची नोंद वाचणारं यंत्र) असेल तर फक्त एरर कोड बघून थांबू नका. कोड नुकतेच पुसलेले असतील तर गाडीच्या अंतर्गत तपासण्या अपूर्ण दिसतात.

चेसिस नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. गाडीवरचा आणि कागदावरचा एकेक अक्षर जुळवा. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा पुरावा मागा. वॉरंटीत काय येतं, काय नाही, नाव कोण आणि किती दिवसांत बदलून देणार, व्यवहार मोडला तर टोकन परत मिळणार का, हे सगळं सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या आणि मगच पैसे द्या.